बिटकॉईनच्या नेटवर्कमध्ये बिघाड झाला तर खबर कोण देतो? "तातडीचा अलर्ट" आला असेल तर आधी हे वाचा

चंद्रपूर/गडचिरोली : "नेटवर्क अपग्रेड सुरू आहे. आज रात्री १२ पर्यंत तुमचे १२ शब्द टाकून वॉलेटची पडताळणी करा, नाहीतर तुमची नाणी कायमची गोठतील." अशा धाटणीचा मेसेज व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आला की क्रिप्टोत हजार-पाचशे टाकलेल्या पोराची झोप उडते. वर चिन्ह असतं, भाषा सरकारी वाटते, आणि मुदत फार कमी असते. आपल्या भागात असे पैसे बहुतेक तेंदूपत्त्याच्या हंगामानंतर, नाहीतर धानाचे चुकारे आल्यावर टाकले जातात. म्हणजे रक्कम छोटी असली तरी ती वर्षाच्या कमाईतली असते.

मेसेज खरा की खोटा, हे नंतर पाहू. आधी एक साधा प्रश्न. बिटकॉईनसारख्या नाण्याच्या नेटवर्कमध्ये खरोखर काही बिघडलं, तर ती खबर तुमच्यापर्यंत पोचवणारं कोणी आहे का? थेट तुमच्या फोनवर पोचवणारं तर कोणीच नाही. हे एकदा नीट कळलं की निम्मे मेसेज न वाचताच ओळखता येतात.

धरणाचं पाणी आणि क्रिप्टोचं नेटवर्क

गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की खबर कशी येते, ते आपल्याला माहीत आहे. पाटबंधारे विभाग जिल्हा प्रशासनाला कळवतो, तहसील कार्यालय तलाठी-कोतवालाला कळवतं, गावात दवंडी किंवा भोंगा फिरतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो पूर आला आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं पाण्यात गेली, त्यानंतर तर नदीकाठच्या माणसाला या साखळीतली प्रत्येक कडी पाठ झाली. आता त्यात मोबाईलचीही भर पडली आहे. २० जुलै २०२३ ला महाराष्ट्रात अनेकांचे फोन एकाएकी जोरात वाजले होते, आठवत असेल. ती दूरसंचार विभागाने घेतलेली आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी होती. असा इशारा टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एकदम जातो, त्याला नंबरांची यादी लागत नाही. पण पाठवणारा ठरलेला असतो. तो सरकार असतो.

बँकेचंही तसंच. तुमचा नंबर बँकेकडे नोंदलेला असतो, म्हणून बँक एसएमएस पाठवू शकते.

बिटकॉईनला ना तहसील आहे, ना शाखा. ते मुक्त स्रोत, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्याचा कोड उघडा पडलेला असतो. कोणीही तो वाचावा, उतरवून घ्यावा, आपल्या संगणकावर चालवावा. असे जगभरातले हजारो संगणक (त्यांना नोड म्हणतात) एकमेकांशी जोडलेले राहतात आणि सगळे मिळून एकच हिशोबाची वही सांभाळतात. कोड लिहिणारे लोक वेगवेगळ्या देशांत बसलेले. त्यांनी बदल सुचवला तरी नोड चालवणाऱ्यांनी तो स्वतःच्या मर्जीने घ्यावा लागतो. मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा सर्वसहमतीशिवाय पुढे जात नाही, त्याची आठवण इथे यावी. फरक इतकाच की इथले सभासद एकमेकांना ओळखतही नाहीत.

आता यातून निघणारी कामाची गोष्ट. तुम्ही वॉलेट ॲप उतरवलं तेव्हा त्या कोड लिहिणाऱ्यांना तुमचं नाव कळलं नाही, नंबरही कळला नाही. मग "बिटकॉईन नेटवर्क विभाग" असं नाव लावून ज्याने तुमच्या नंबरवर मेसेज टाकला, त्याला तुमचा नंबर मिळाला कुठून? तो कुठल्या तरी चोरीच्या यादीतून, नाहीतर तुम्ही ज्या ग्रुपमध्ये आहात त्या ग्रुपमधून.

एकेकाळी दवंडी होती

बिटकॉईनमध्ये सगळ्यांना एकदम इशारा देण्याची सोय कधीच नव्हती, असं मात्र नाही. होती, आणि ती बंद का पडली हा इतिहास वाचण्यासारखा आहे.

१५ ऑगस्ट २०१० ला बिटकॉईनच्या कोडमधली एक चूक कोणीतरी वापरली आणि एका व्यवहारात १८,४०० कोटींहून जास्त बिटकॉईन हवेतून तयार झाले. एकूण बिटकॉईन कधीच २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, हा तर त्या नाण्याचा मूळ नियम. त्या वेळी वापरणारे थोडे होते. काही तासांत दुरुस्त कोड निघाला, लोकांनी तो बसवला, आणि चुकीची पानं वहीतून बाद झाली. पण एक गोष्ट ध्यानात आली : लोक वाढल्यावर असं काही झालं, तर सगळ्यांना सांगायचं कसं? बिटकॉईन बनवणाऱ्या, सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या व्यक्तीने त्याच महिन्यात कोडमध्ये इशाऱ्याची सोय घातली.

ती अशी चालायची. एक गुप्त किल्ली होती, म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा. त्या किल्लीने सही केलेला मजकूर एका नोडने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला देत देत सगळीकडे पसरायचा आणि प्रत्येकाच्या प्रोग्रॅमच्या खिडकीत दिसायचा. सुरुवातीच्या काळात तर इशारा आल्यावर प्रोग्रॅम काही कामं आपोआप थांबवतही असे. किल्ली मोजक्या दोन-चार लोकांकडे. म्हणजे ढोल सगळ्या गावाचा, पण टिपरू मोजक्यांच्या हातात.

मार्च २०१३ मध्ये त्या ढोलाचं काम पडलं. बिटकॉईनच्या सॉफ्टवेअरची ०.८ ही नवी आवृत्ती आली होती. तिने तयार केलेला एक मोठा ब्लॉक (वहीचं एक पान म्हणा) जुन्या आवृत्तीला पचला नाही. झालं, वहीला फाटा फुटला. निम्मे लोक एका वहीत लिहितात, निम्मे दुसऱ्या, आणि दोघांनाही आपलीच खरी वाटते. अशा वेळी एकच पैसा दोन ठिकाणी खर्च करता येतो, आणि एकाने तो केलाही. एका पेमेंट कंपनीत सुमारे १० हजार डॉलरचा व्यवहार असा दुहेरी झाला. इशारा गेला : वहीला फाटा फुटला आहे, ०.८ वर मायनिंग थांबवा. वहीत नवी पानं जोडणारे ते मायनर. त्यांच्यातल्या मोठ्या गटांनी स्वतःचं नुकसान सोसून जुन्या आवृत्तीवर परत जाणं पत्करलं, आणि काही तासांत वही पुन्हा एक झाली.

जुलै २०१५ मध्येही असंच काहीसं झालं. काही मायनर पान न तपासताच पुढचं पान जोडत होते. तेव्हा साध्या वॉलेटवाल्यांना सल्ला होता : पैसे आले असं दिसलं तरी नेहमीपेक्षा ३० कन्फर्मेशन जास्त होऊ द्या, मग खरं धरा. एका कन्फर्मेशनला साधारण १० मिनिटं लागतात, म्हणजे पाच तास जास्त थांबा.

हे दोन्ही खरे इशारे काय सांगत होते, ते बघा. कोणी कोणाला "लवकर या लिंकवर जा" म्हणालं नाही. कोणी गुप्त शब्द मागितले नाहीत. मायनरला सांगितलं थांब, घेणाऱ्याला सांगितलं थांब. आणि याला कारण आहे. पुराच्या इशाऱ्यात पळावं लागतं, कारण पाणी आपल्याकडे येत असतं. इथे तुमची नाणी फोनमध्ये नसतातच. ती त्या जगभरच्या वहीत तुमच्या वॉलेटच्या पत्त्यापुढे लिहिलेली असतात, फोनमध्ये फक्त किल्ली असते. तुम्ही आठ दिवस फोन बंद ठेवला तरी वहीतला आकडा हलत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या कोणाचं वॉलेट असेल आणि तेवढे दिवस रेंज नसेल, तर त्याच्या नाण्यांचं काहीही बिघडत नाही. भाव खाली-वर होईल तो वेगळा विषय. "रात्री १२ पर्यंत नाही केलं तर गोठेल" ही धमकी या व्यवहाराच्या स्वभावालाच धरून नाही.

ढोल मग मोडला का? कारण टिपरू चोरीला गेलं तर? किल्ली नेमकी कोणाकोणाकडे आहे याची खात्री राहिली नव्हती. ती चोराच्या हाती गेली असती तर त्याने सगळ्या जगाला खोटी दवंडी ऐकवली असती, आणि लोकांनी ती खरी मानली असती. शिवाय त्या जुन्या कोडमध्ये नोड बंद पाडता येतील अशा फटीही होत्या. म्हणून २०१६ मध्ये ही सोय काढून टाकली गेली. जुन्या आवृत्त्यांसाठी एक शेवटचा इशारा तयार ठेवला गेला : किल्ली धोक्यात आहे, नवी आवृत्ती घ्या. त्यानंतर दुसरा कोणताही इशारा त्यावर चढू शकत नाही, अशी त्याची रचना होती. आणि जुलै २०१८ मध्ये ती गुप्त किल्लीच जाहीर करून टाकली, म्हणजे तिच्या नावाने येणाऱ्या कशालाच किंमत उरू नये. माझ्या मते हा या मंडळींचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. आपल्याकडे एखादा शिक्का हरवला तर आधी महिनाभर तो हरवल्याचंच कोणी सांगत नाही.

खोट्या दवंडीने काय होतं

ही भीती उगाच नव्हती, हे त्याच वर्षी दिसलं. इलेक्ट्रम नावाचं बिटकॉईनचं एक जुनं, मुक्त स्रोत वॉलेट आहे. डिसेंबर २०१८ मध्ये चोरांनी इलेक्ट्रमच्या नेटवर्कमध्ये आपले स्वतःचे सर्व्हर घुसवले. वापरणारा पैसे पाठवायला गेला की चोराचा सर्व्हर "चूक झाली" असा निरोप परत पाठवायचा, आणि त्या निरोपात लिहिलेलं असायचं की सुरक्षेसाठी नवी आवृत्ती इथून उतरवा. निरोप खुद्द वॉलेटच्या खिडकीत दिसत होता. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर संशय घेणारा माणूसही इथे फसला. नवी आवृत्ती म्हणून जे उतरलं ते चोराचं ॲप होतं. पहिल्याच लाटेत २०० हून जास्त बिटकॉईन गेले. दोषाची दुरुस्ती निघाली, पण ज्यांच्याकडे जुनंच ॲप होतं त्यांना सांगणार कोण, आणि कसं? पुढे इलेक्ट्रमवाल्यांनी त्याच फटीचा उपयोग करून जुनं ॲप वापरणाऱ्यांना खरी नवी आवृत्ती घ्यायला सांगायला सुरुवात केली. तरी ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळानंतर, जुनं ॲप उघडलेल्या एका माणसाचे १,४०० बिटकॉईन याच सापळ्यात गेल्याचं समोर आलं.

म्हणजे जुनं ॲप तसंच ठेवणंही धोक्याचं, आणि नको तिथून नवं घेणंही धोक्याचं. खरा इशारा कधी कधी "अपडेट करा" असंही म्हणतो, हे इथे कबूल करायला हवं. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉईनच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये मोठा दोष सापडला. १८ तारखेला ०.१६.३ ही दुरुस्त आवृत्ती आली, तेव्हा एवढंच सांगितलं गेलं की या दोषामुळे नोड बंद पाडता येतात, लवकर अपडेट करा. त्याच दोषातून जास्तीची नाणीही पाडता आली असती, ही मोठी गोष्ट दोन दिवसांनी, २० तारखेला सांगितली. कारण उघड आहे. कुलूप बदलण्याआधी कुलूप तुटल्याचं ओरडून सांगितलं, तर मालकाच्या आधी चोर पोचतो. तेव्हा अशा प्रकल्पांची पहिली सूचना अर्धवट वाटली म्हणून ती खोटी ठरत नाही.

मग तपासायचं कसं? ताडोब्याच्या बफरमधल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. "आपल्या शिवारात वाघ" म्हणून ग्रुपवर व्हिडिओ पडला, तर शहाणा माणूस व्हिडिओखालच्या नंबरवर फोन लावत नाही. तो वनरक्षकाला किंवा गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या पोराला लावतो, ज्याचा नंबर त्याच्याकडे आधीपासून आहे. इथेही तेच. मेसेजमधली लिंक सोडून द्या. ज्या प्ले स्टोअरवरून ॲप घेतलं होतं, तिथेच जाऊन अपडेट आहे का बघा. नाण्याची किंवा वॉलेटची अधिकृत साईट ॲप घेतानाच वहीत लिहून ठेवा, आणि काही ऐकू आलं तर तो पत्ता स्वतः टाईप करून उघडा. गुगलवर शोधलं तर वर जाहिरातीत खोटी साईटही येऊ शकते. साईटवर त्या बिघाडाचा उल्लेख नाही, तर थांबा.

साईटवर आहे म्हणजे सगळं ठीक, असंही शंभर टक्के नाही बरं का. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोनेरो नाण्याच्या अधिकृत साईटवरच काही काळ चोराची फाईल ठेवली गेली होती. उतरवलेल्या फाईलचा हॅश, म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा, जाहीर केलेल्या ठशाशी जुळत नाही हे एका वापरणाऱ्याने पाहिलं, म्हणून ते पकडलं गेलं. संगणकावर वॉलेट चालवणाऱ्याने हा ठसा जुळवायला शिकावं. फोनवाल्याला ते रोज जमणार नाही. त्याच्यासाठी एक-दोन दिवस थांबणं हाच सोपा उपाय. अशा भानगडी तेवढ्यात उघड होतात.

आणि ते १२ शब्द. वॉलेट बनवताना जे १२ किंवा २४ इंग्रजी शब्द कागदावर लिहून घ्यायला सांगतात, तीच तुमची तिजोरी. खऱ्या नेटवर्कला ते कधीच लागत नाहीत. पडताळणीला नाही, अपग्रेडला नाही, परताव्याला तर नाहीच. ते फक्त एकदा लागतात : फोन बिघडला आणि तुम्ही नव्या फोनवर स्वतःहून वॉलेट परत उघडत असाल तेव्हा.

ॲपवर खातं असेल तर हिशोब वेगळा

आपल्याकडच्या बहुतेकांचं स्वतःचं वॉलेट नसतंच. त्यांचं खातं एखाद्या एक्सचेंजच्या ॲपवर असतं. तिथे नाणी कंपनीच्या ताब्यात, तुमच्याकडे फक्त कंपनीने दाखवलेला आकडा. इथे कंपनीकडे तुमचा नंबर, आधार, पॅन सगळं असतं, म्हणून ती मेसेज पाठवू शकते. पण ती कधी पाठवते, हे पाहण्यासारखं आहे.

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या मोठ्या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. कंपनीने त्याच दिवशी जाहीर केलं आणि पैसे काढणं थांबवलं. खातेदाराला खबर मिळेपर्यंत दार बंद झालेलं होतं. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्याआधी जुलै २०२५ मध्ये कॉईनडीसीएक्समधून ४ कोटी ४० लाख डॉलर गेले. ती चोरी कंपनीने सांगण्याआधी बाहेरच्या एका तपास करणाऱ्याने इंटरनेटवर उघड केली. कंपनीचं निवेदन चोरीनंतर साधारण १७ तासांनी आलं. ग्राहकांच्या नाण्यांना धक्का नाही, तोटा आम्ही सोसतो, असं कंपनीने सांगितलं.

एक्सचेंजवर खातं असणाऱ्याला अशा खबरीवरून करण्यासारखं फार थोडं उरतं, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. बुडाले तर चालतील एवढेच पैसे तिथे ठेवावेत. क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. त्यावरून काही जण "सरकारमान्य आहे" असं गावात सांगत फिरतात. कर घेतला म्हणजे सरकारने हमी घेतली असं होत नाही. बँकेतल्या ठेवीला जसा पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा इथे काही नाही.

एक्सचेंजच्या नावाने मेसेज आला तर लिंक न दाबता ॲप उघडा. खरी सूचना ॲपच्या आतही दिसते.

लिंक दाबली, शब्द दिले, आता?

शब्द टाकून झाले असतील आणि नाणी अजून वॉलेटमध्ये दिसत असतील, तर इथे मात्र घाई करा. नवं वॉलेट बनवा, ज्याचे शब्द नवे असतील, आणि उरलेली नाणी लगेच तिकडे पाठवा. जुन्या वॉलेटचा पासवर्ड बदलून उपयोग नाही. शब्द गेले की ते वॉलेट गेलं. खोटं ॲप ज्या फोनवर उतरवलं, त्याच फोनवर नवं वॉलेट बनवू नका, घरातला दुसरा फोन घ्या.

रुपये गेले असतील, म्हणजे यूपीआयने किंवा बँकेतून कोणाच्या खात्यात टाकले असतील, तर त्याच तासात १९३० वर फोन करा. समोरच्याच्या बँक खात्यातून पैसे पुढे सरकले नसतील तर ते रोखता येतात. तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या साईटवरही होते, आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. नाणी गेली असतील तर ती कोणतीही बँक थांबवू शकत नाही, तरी तक्रार द्या. जाताना मेसेजचा स्क्रीनशॉट, समोरचा नंबर, वॉलेटचा पत्ता, आणि व्यवहाराचा आयडी सोबत न्या. हा आयडी वॉलेटच्या इतिहासात सापडतो. चॅट डिलीट करू नका, लाज वाटली तरी.

तक्रार दिल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो : "तुमची गेलेली नाणी आम्ही शोधून देतो, आधी थोडी फी भरा." महाराष्ट्राने गेनबिटकॉईनचं प्रकरण पाहिलेलं आहे. महिन्याला १० टक्के परताव्याचं आमिष, हजारो गुंतवणूकदार, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी केलेली सूत्रधाराची अटक. त्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन खाजगी तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोपींची क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. पोलिसांनी नेमलेल्या माणसांबाबत हे घडलं, तर फोनवरच्या अनोळखी "रिकव्हरी एक्स्पर्ट"ला फी भरण्याआधी तक्रारीचा क्रमांक घेऊन आपल्याच ठाण्यात विचारा, असं कोणाला पाठवलं आहे का.